तरोट्याचा आवाज

आज सकाळी शेवंताबाई फाटकाशी आल्या. डोक्यावरची टोपली उतरवून त्यांनी वरचं ओलं फडकं बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "घ्या भाऊ, आला तुमचा तरोटा."

टोपलीत कोवळे शेंडे होते. नखाने खुडलेले, अजून ताठ, पानांना बांधावरची थोडी माती लागलेली. वास तोच. ज्यांनी तो घेतला नाही त्यांना कसा सांगावा? ओल्या गवतात कुणी भुईमुगाच्या कच्च्या शेंगा चुरडाव्यात, तसा काहीसा. पहिल्यांदा नाक मुरडायला लावणारा आणि दुसऱ्यांदा भूक लावणारा. कोकणात, पुण्याकडे याला टाकळा म्हणतात. आमच्या यवतमाळात हा तरोटा. पाऊस लागून दोन-तीन आठवडे झाले की बांधांवर, रस्त्याच्या कडेला, लेआउटमधल्या, म्हणजे नव्या वसाहतीतल्या, रिकाम्या प्लॉटांत कुणी न पेरता उगवतो. पंधरा-वीस दिवस कोवळा राहतो. मग पिवळी फुलं येतात, पान चिवट होतं आणि माणसं पुढचं वर्षभर त्याला तण म्हणायला मोकळी होतात.

मी त्याला बावन्न वर्षं तणच म्हणत होतो. आई त्याची भाजी जन्मभर करत होती, मी जन्मभर खात होतो; पण ताटातली ती भाजी आणि फाटकाबाहेरचा तो पाला ही एकच वस्तू आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. टेबलावर येण्याआधी कागद कुठे होता, याची चौकशी करायची मला सवय नाही.

चार वर्षांपूर्वीच्या आषाढात ती चौकशी करायची वेळ आली.

आमची मुलगी ऋतुजा तेव्हा पुण्यात बाळंत व्हायची होती. पहिलं बाळंतपण माहेरी, असा आमच्याकडचा रिवाज; पण तिची नोकरी पुण्याची, डॉक्टर पुण्याची, तेव्हा माहेरच उठून पुण्याला गेलं. म्हणजे माझी बायको वंदना गेली. जाताना तिने फ्रिजवर तीन कागद चिकटवले. पहिल्यावर गॅस कसा बंद करायचा ते. दुसऱ्यावर बाबांच्या गोळ्या. तिसऱ्यावर फक्त एक ओळ : "स्वतः काही करायला जाऊ नका." मेसचा डबा लावून दिला, एसटीच्या खिडकीतून पुन्हा एकदा ती तिसरी ओळ बजावली आणि गेली. घरात उरलो आम्ही दोघं. मी बावन्नचा, माझे वडील ब्याऐंशीचे.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. यवतमाळ-मुकुटबन, यवतमाळ-महागाव, सणासुदीला जिथे पाठवतील तिथे. डोळे रस्त्यावर असायचे, पण गाडी ते कानाने चालवायचे. गिअर टाकताना जरा वेगळं काही ऐकू आलं की परतल्यावर सांगायचे, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बघा. मेकॅनिक हसायचे, चाक उघडायचे आणि मग हसायचे थांबायचे.

घरी जेवायला बसले की पहिला घास घेऊन ते एक खोट काढत. रोज एक. दोन नाही.

"मीठ कमी हाये."

"तिखट बसलं नाई अजून."

"आज काहून घाईत केली भाजी?"

आई म्हणायची, "मंग ठेवा वाटी खाली." वाटी खाली कधी गेली नाही, पुढेच यायची. लहानपणी मला वाटायचं, काय छळवादी माणूस आहे! फार उशिरा कळलं, की खोट काढली म्हणजे आता दुसऱ्यांदा घेणार, असा त्या दोघांत ठराव होता. ज्या दिवशी बाबा काहीच बोलत नसत, त्या दिवशी आई त्यांच्या कपाळाला हात लावून बघायची.

त्या आषाढात आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षांत बाबांनी एकदाही खोट काढली नव्हती. वंदना समोर जे ठेवील त्याला ते म्हणायचे, "चांगलं आहे." तेही आमच्या वऱ्हाडीत नाही. डेपोतल्या साहेबांशी बोलावं तसं शुद्ध. वंदनाच्या हाताला चव आहे, सगळं लेआउट तिच्याकडे भरल्या वांग्यासाठी टपलेलं असतं. तरी ती एकदा मला हळूच म्हणाली, "बाबा चांगलं आहे म्हणाले की मला धडकीच भरते हो. परक्याच्या घरी जेवावं तसे जेवतात."

वंदना गेली आणि आठव्या दिवशी बाबांना ताप आला. तीन दिवसांत उतरला, पण जाताना भूक घेऊन गेला. डब्यातल्या पोळीचा पाव भाग वरणात बुडवायचा, दोन घास चावायचे, पाणी प्यायचं आणि "चांगलं आहे" म्हणत हात धुवायला उठायचं. उठताना भिंत धरायची. पायजम्याची नाडी रोज बोटभर जास्त लोंबायला लागली. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाठ तपासली, पोट तपासलं, जीभ बघितली आणि मला बाहेर घेऊन म्हणाले, "रोग काही नाही. पोटात अन्न गेलं तर उठतील. नाही गेलं तर..." पुढचं वाक्य त्यांनी पेनाला टोपण लावून पूर्ण केलं.

संध्याकाळी वंदनाचा फोन यायचा.

"बाबा जेवले?"

"जेवले."

"काय जेवले?"

"डबा."

"किती?"

"बऱ्यापैकी."

पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं "बऱ्यापैकी" किती असतं ते कळतं. ती म्हणायची, "मी येऊ का?" मागून ऋतुजाचा आवाज यायचा, "आई, जाऊ नको नं." तिचे दिवस भरत आले होते. ही निघाली तर पोर ऐन वेळी एकटी, नाही निघाली तर इथे म्हातारा माणूस वाळत चाललेला. आणि मधे मी, ज्याला आयुष्यात चहासुद्धा दुसऱ्याने आधण ठेवल्यावरच करता येत होता. मी म्हणालो, "आठ दिवस दे मला." कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

तिसरा कागद मी फ्रिजवरून काढला आणि गोळ्यांच्या डब्याखाली दडवला.

पहिल्या दिवशी मेथी आणली. पावसातली मेथी, मुळांना निम्मं शेत चिकटलेलं. तीन वेळा धुतली. मोठ्या गंजात पाणी घ्यायचं, पाला बुडवायचा, ढवळायचं आणि सगळं चाळणीवर ओतायचं. आता कुणीही शहाणी बाई सांगेल, की पाला हाताने वर उचलून घ्यायचा असतो आणि माती खाली बसू द्यायची असते. मी तळाला बसलेली माती तिन्ही वेळा मोठ्या निगुतीने पाल्यावर परत ओतली. पहिल्या घासाला बाबांच्या दातांखालून जो आवाज आला, तो डांबर नसलेल्या रस्त्यावरून गाडी गेल्याचा होता. मी डोळे मिटून वाट बघितली. म्हटलं, आता तरी बोलतील.

"चांगलं आहे," बाबा म्हणाले आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी पालक. या वेळी धुतला बरोबर, पण कढईत हा एवढा डोंगर झाला. त्या डोंगराकडे बघून मी मीठ घातलं. पाच मिनिटांत डोंगराचा मूठभर लगदा झाला आणि मीठ मात्र डोंगराएवढंच राहिलं. पालेभाजी आधी बसू द्यावी, मग तिच्या मापाने मीठ घालावं, ही गोष्ट कुठल्याही परिपत्रकात नसते. मला तो घास थुंकावा लागला. बाबांनी गिळला.

"चांगलं आहे."

त्या दिवशी मला खरी भीती वाटली. जो माणूस आईच्या हातच्या भाजीत चिमूटभर मीठ शोधायचा, तो हा खारा चिखल खाऊन चांगलं म्हणतो, म्हणजे तो जेवतच नाही. तो फक्त मला वाईट वाटू नये एवढं करून उठतो. मला पोषणाचं फार कळत नाही; पण माझ्या बापाने पुन्हा एकदा ताट पुढे सरकवून "हे काय केलं बे?" असं म्हणावं, एवढीच मला आस लागली. ते म्हणाले तर जगतील, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. ऋतुजा सात-आठ किलोचं पोट सांभाळत ओट्याशी उभी आणि हातात पांढऱ्या जाड देठांचा, हिरव्या पानांचा एक गड्डा. आजोबांना म्हणाली, "आबाजी, हे बघा, बॉक चॉय! चिनी भाजी. बाबा, तुम्ही पण बघा, इतकी सोपी. मोठा गॅस, तेल, लसूण, पाला टाकायचा, झाकण अजिबात नाही, दोन मिनिटांत तयार."

बाबांनी फोन नाकाजवळ धरला. चष्मा नव्हता. त्यांनी तो हळूच कानाकडे वळवला. तिकडे वंदनाने पाला तेलात टाकला असावा. फोनमधून एक बारीक चर्र आलं, मोठं झालं, मग बसत गेलं.

"लसूण टाकला नं?" बाबांनी विचारलं.

"हो आबाजी, तुम्हाला कसं कळलं?"

"जरा कच्चाच हाये अजून." मग फोन माझ्या हातात देऊन, खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "गजू, तरोटा आला असन नं आता?"

वंदना गेल्यापासून अठरा दिवसांत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं.

आणि इथे मला एक कबुली देणं भाग आहे. आमच्या घराशेजारी एक रिकामा प्लॉट आहे. मालक नागपूरला. दरवर्षी पावसात तिथे कंबरभर रान माजतं, त्यात साप निघतात असं सगळे म्हणतात, पाहिलेला कुणी नाही. त्या वर्षी मी पुढाकार घेतला. कृषी केंद्रातून तणनाशकाची बाटली आणली, ओळखीच्या शेतकऱ्याचा पंप आणला आणि रविवारी सकाळी नाकाला गमछा बांधून सगळा प्लॉट स्वतः फवारला. लेआउटमध्ये माझं फार कौतुक झालं. बाबांनी तरोटा मागितला तेव्हा त्या गोष्टीला नऊ दिवस झाले होते. मी फाटकाबाहेर जाऊन बघितलं. तीन-तीन जोड्यांची ती गोलसर पानं मला आयुष्यात पहिल्यांदा ओळखू आली. सगळी पिवळी पडून माना टाकून उभी होती. घरापासून दहा पावलांवर, माझ्या बापाला हवी असलेली एकच गोष्ट मी स्वतःच्या हाताने, कौतुक करून घेत, जाळली होती.

चौकात शेवंताबाई बसायच्या. यवतमाळजवळच्याच एका खेड्यातून पहिल्या गाडीने रानभाजी घेऊन यायच्या आणि दहा वाजेपर्यंत विकून परत जायच्या. मी कधी त्यांच्याशी बोललो नव्हतो. त्या दिवशी स्कूटर थांबवून विचारलं, "तरोटा आहे का?"

"संपला. उद्या आणतो. कितीक लागन?"

"एका म्हाताऱ्या माणसापुरता." आणि मग का कोण जाणे, प्लॉटाचंही सांगून टाकलं. कदाचित कुणाकडून तरी बोलणी खायची होती.

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "म्हंजे तुम्हीच मारला? सोताच्या हातानं?"

"हो."

"पैसे देऊन इकत आणलं अन् फुकटचा पाला मारला. शिकेल-सवरेल माणूस हाव नं भाऊ तुमी?"

"थोडा."

"तरीच." मग जरा नरमल्या. एक अंबाडीचं पान उचलून माझ्यासमोर धरलं. पानाला बारीक भोकं होती. "हे पाहा. किड्यानं खाल्लं हाये. असं पान घ्या. मी बांधाच्या मालकाले आधी इचारतो, फवारलं का म्हून. त्याच्या सांगण्यावर भरोसा नाई, मंग पान पाहतो. भोक दिसलं तरच खुडतो. उद्या पहिल्या गाडीनं आणतो तुमच्या म्हाताऱ्यासाठी. पण येक सांगा, करन कोन?"

"मीच."

शेवंताबाईंनी माझ्याकडे, मग आभाळाकडे बघितलं. "कराल, कराल," म्हणाल्या. नापास होणाऱ्या पोराला परीक्षेला सोडताना म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी भोकं पडलेला तरोटा घरी आला. मी तो नीट धुतला, वर उचलून घेतला आणि मोबाइल समोर ठेवून कृती शोधायला लागलो. मागे काही सरकल्याचा आवाज आला. बाबा प्लास्टिकची खुर्ची ओढत स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले होते. ताप आल्यापासून पहिल्यांदा ते खाटेवरून इतक्या लांब आले होते.

"ठेव तो फोन तिकडं. त्याले काय माहीत तुही माय कशी करे?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"मले?" बाबा दचकले. "मी कधी आत पाय ठेवला बे? मी तं त्या भाईर बाजीवर बसो." त्यांनी बोट कानावर ठेवलं. "पण मले ऐकू ये."

आणि मग त्या माणसाने डोळे मिटून मला एक भाजी ऐकवली.

ड्यूटीवरून येऊन, हातपाय धुऊन ते बाहेर बाजेवर बसायचे. पोटात आगडोंब. उठून आत जाऊन विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून भाजी कुठवर आली आहे, ते कानाने मोजत बसायचे. पन्नास वर्षं. पहिल्यांदा चाकूचा आवाज नाही यायचा. तरोटा आई चिरत नसे, हाताने मोडायची. मग लसूण. आईचा लोखंडी खलबत्ता जमिनीवर असायचा, ती खाली बसून ठेचायची आणि ते ठोके जमिनीतून बाजेच्या पायांपर्यंत यायचे.

"सात," बाबा म्हणाले. "सात ठोके मारे ती. मंग बत्ता काठाले घासून पुसे, असा एक कर्र."

"सातच का?"

"मले काय इचारतं? सात ऐकू ये."

मी खलबत्ता शोधला. वंदना मिक्सर वापरते. तो पिंपाच्या मागे गंजत पडला होता. घासून, जमिनीवर बसून, गुडघ्यांची तक्रार ऐकत मी सात ठोके मारले. बाबा मान हलवत मोजत होते. पाचव्याला म्हणाले, "इतक्या जोरात नोको. तिले कोणाचा राग नसे येत."

मग तेल. "धूर निघाला का पाहू नोको, ऐक. जिरं पडलं का चट् नाई वाजत, फुर्र वाजते." फुर्र वाजलं. मग लसूण, मग हिरवी मिरची. मिरचीचा ठसका लागला तेव्हा दोघंही खोकलो आणि बाबा खोकताखोकता म्हणाले, "बराबर हाये!" मग भिजवलेली हरभऱ्याची डाळ टाकायची होती, हे दोघांनाही फार उशिरा कळलं. "टपटप ये काहीतरी या येळी," बाबा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पाऊस थांबल्यावर पत्र्यावरून पडते तसं." ते टपटप म्हणजे काय, यावर आम्ही पाच मिनिटं गॅस बारीक करून चर्चा केली. हेडक्लार्क आणि ड्रायव्हर. शेवटी डाळ असणार, असा ठराव झाला. डाळ भिजवलेली नव्हती. पुढच्या वेळी, असं दोघांनी ठरवलं. पुढची वेळ, हा शब्द बाबा सहज बोलून गेले. मी कढईकडे तोंड करून उभा होतो म्हणून बरं.

पाला पडला. मोठं चर्र झालं. मी सवयीने झाकण घ्यायला हात पुढे केला.

"झाकू नोको! झाकलं का काळा पडते अन् मले ऐकू नाई येत."

चर्र हळूहळू ओलं झालं. पाल्याला पाणी सुटलं, बुडबुड आवाज आला. "आता मीठ," बाबा म्हणाले. पाला मूठभर झाला होता, मी मूठभराच्या मापाने मीठ घातलं. बुडबुड बारीक होत गेली. बाहेरून रस्त्यावरच्या ऑटोचा आवाज आला, तो गेला. मग कढईतला आवाज पुन्हा कोरडा झाला, वाळलेल्या पानांवरून कुणी अनवाणी चालत यावं तसा.

"बंद कर," बाबा म्हणाले. "या टायमाले ती हाक मारे."

ताट वाढलं. डब्यातली पोळी, वरण आणि वाटीत ती दहा मिनिटांची काळपट हिरवी भाजी. बाबांनी पहिला घास घेतला. फार वेळ चावला. मी पाण्याचा तांब्या धरून उभा होतो. मला आठवतं, भिंतीवरच्या घड्याळाचा काटासुद्धा मला त्या वेळी ऐकू येत होता.

"लसूण जळला," बाबा म्हणाले.

मी तांब्या खाली ठेवला.

"अन् दाळ नाई. दाळीबिगर तरोटा म्हंजे बिन शिटाची गाडी. उभ्यानं जाते माणूस, पण काय जाते?" त्यांनी वाटी पुढे सरकवली. "टाक अजून."

संध्याकाळी वंदनाचा फोन आला. "बाबा जेवले?"

"लसूण जळला म्हणाले."

ती नाक ओढत म्हणाली, "मग मी थांबते इकडे." चौथ्या दिवशी ऋतुजाला मुलगी झाली आणि तिची आजी तिच्या उशाशी होती.

पुढचे पंधरा दिवस मी वर्षभराची बोलणी खाल्ली. एक दिवस मीठ कमी, एक दिवस पाणी जास्त, एक दिवस "देठं कायले ठेवले, गाई-ढोरं हाव का आपण?" मी रोज एक अपराध करत गेलो आणि बाबा पाव पोळीवरून अर्ध्यावर, अर्ध्यावरून दीडवर आले. कधी संध्याकाळी त्यांना हाताला धरून शेजारच्या प्लॉटापर्यंत नेत असे. वाळलेल्या रानाच्या एका कोपऱ्यात, पंप पोचला नव्हता तिथे, तरोट्याची चार झुडपं वाचली होती. दिवस कलला की त्यांची पानं जोडीजोडीने मिटायची, कुणी हात जोडावेत तशी. आयुष्यभर या रस्त्याने संध्याकाळी घरी आलो, पण ही पानं झोपतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी त्या पिवळ्या पडलेल्या रानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे कसं जळलं बे सारं?"

"ऊन लागलं असेल."

"आषाढात?" एवढंच म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर आवाजावरून बेअरिंग ओळखलं, त्याला माझ्या आवाजातलं काय ऐकू आलं नसेल? पण त्यांनी चाक उघडायला लावलं नाही.

मग त्या चार झुडपांना पिवळी फुलं आली आणि त्या वर्षीचा तरोटा संपला. वंदना परतली. पहिल्या दिवशी तिने मेथीची भाजी केली. बाबांनी घास घेतला आणि म्हणाले, "सूनबाई, तिखट जरा कमी झालं." वंदना आत आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि पदरात तोंड घालून हसली की रडली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर तिने गोळ्यांचा डबा उचलला आणि खालचा तो तिसरा कागद तिच्या हाती लागला. त्याविषयी मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

या सगळ्याला चार वर्षं झाली. पाऊस दरवर्षी वेगवेगळ्या तारखेला येतो, शेवंताबाई आता दारावर येतात, बाजूच्या प्लॉटावर घर उठलं आहे. बाबा शहाऐंशीचे झाले. गेल्या दोन वर्षांत मात्र त्यांचे कान गेले. आधी फोन गेला, मग टीव्ही, मग आमचं बोलणं. कानातलं मशीन आणून दिलं, ते ड्रॉवरमध्ये ठेवतात. म्हणतात, त्यात सगळ्यांचा आवाज एकाच गिअरमध्ये येतो. वंदना त्यांच्याशी नातीच्या पाटीवर लिहून बोलते. आणि गेला आठवडाभर ते पुन्हा जेवताना दोन घास घेतात, पाणी पितात आणि शुद्ध भाषेत म्हणतात, "चांगलं आहे." वंदनाने परवा त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

म्हणून आज शेवंताबाई "आला तुमचा तरोटा" म्हणाल्या तेव्हा मी सबंध टोपलीच आत न्यायला निघालो होतो. त्यांनीच अडवलं. "भाऊ, येका म्हाताऱ्या माणसापुरता घ्या."

वंदनाला मी बाहेर बसवलं. डाळ पहाटेच भिजत घातली होती. पाला बुडवून वर उचलून घेतला, हाताने मोडला. बाबा माझ्या हातवाऱ्यांवरून समजले आणि काठी टेकत आले, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर स्वयंपाकघराच्या दारात बसले. खिडकीकडे तोंड, डोळे मिटलेले, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. मी त्यांच्याकडे बघत विचार करत होतो, की आता यांना काय ऐकवणार? फुर्र नाही, टपटप नाही, ते अनवाणी चालत येणं नाही. पन्नास वर्षं ज्या भाजीची त्यांनी बाहेर बसून वाट पाहिली, ती आज अगदी त्यांच्या पुढ्यात होणार होती आणि तिला आवाजच नव्हता.

मी खलबत्ता घेऊन जमिनीवर बसलो. लसूण टाकला. मन दुसरीकडेच होतं. ठेचला, बत्ता काठाला घासून पुसला आणि उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवला.

बाबांनी डोळे उघडले. काठीचं टोक त्यांनी फरशीवर नीट टेकवलं होतं आणि मुठीवरचे हात किंचित हलले.

"गजू," ते म्हणाले, "सहाच झाले बे."

मी पुन्हा खाली बसलो आणि बत्ता उचलला.